थकलेल्या पायांना मी दिलेला बॉल

मंडळी, सकाळपासून चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी खालापूरला मुलींना व्हॉलीबॉल शिकवतो. त्यातली सुजाता साजगावच्या एका कारखान्यात कामाला आहे. आज ती उभ्याने रात्रपाळी करून थेट मैदानावर आली, कारण रविवारी निवड चाचणी आहे.

तासाभरात स्मॅश मारताना तिची उडी कमी पडायला लागली. खाली येताना गुडघे नीट वाकत नव्हते, आत झुकत होते. पाय धपकन आपटत होते. मांड्या थकल्या की असं होतं, हे मीच मुलींना शिकवतो.

"बस कर गं आता," मी म्हणालो.

"सर, अजून दहाच मारते. काय होत नाय."

तिचं ऐकून मी स्मॅशसाठी बॉल उंच दिला. चौथ्या उडीला ती एका पायावर उतरली आणि गुडघा धरून खाली बसली.

खोपोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट दुखावलंय, निदान दोन महिने उडी मारायची नाही. सुजाता रडली नाही. रिक्षात एवढंच म्हणाली, "सर, तुमी बॉल द्यायला नको होता."

घरी आल्यापासून येरझाऱ्या घालतोय. तुमच्यात कोणी शिकवणारे असतील तर सांगा, एवढ्या जिद्दीने आलेल्या पोरीला तुम्ही घरी कसं पाठवता?