फायबरचं दुखणं

फायबर म्हणजे लोखंड नव्हे, हे लोकांना पटवता पटवता माझी हयात जाणार. जळोचीच्या शेडात मी फायबरच्या होड्या करतो. लोखंडाला मार बसला की पोचा पडतो आणि दिसतो. फायबर एवढं प्रामाणिक नाही. आत काचेचे धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. मार बसला की आधी रेझिनला केसाएवढी चीर जाते. ती पसरते, थर एकमेकांपासून सुटतात. मग धागे तुटायला लागतात आणि तुटलेल्याचा भार शेजारच्यावर पडतो, म्हणून तोही जातो. वरचा रंग मात्र चकचकीतच. हे मी शंभरदा सांगितलं असेल. ऐकतो कोण?

माझे दाजी इंदापूरच्या बाजूला उजनीच्या पाण्यात मासे धरतात. होडी मीच दिलेली. वर्षात दोनदा ती तोंडाशी पाझरली. दोन्ही वेळा मी ठिगळ मारलं आणि खडकावर घालता म्हणून दाजींनाच झापलं. ते बिचारे नाही नाही म्हणत राहिले. तिसऱ्यांदा भर पाण्यात तोंड उकललं. डब्याने पाणी उपसत दाजी कसेबसे काठाला लागले. अक्काने फोनवर माझी बिनपाण्याने केली, तेव्हा मी चरफडत निघालो.

होडी काठावर ओढून ठेवली होती. रुपयाच्या नाण्याने ठोकत गेलो. सगळीकडे टणटण, तोंडाशी मात्र बद्द. आतून बघितलं तर तळहाताएवढा पांढरा डाग, मधोमध फाटलेला, तुटक्या धाग्यांची कुसळं बाहेर आलेली. बाहेरून नेमक्या त्याच जागी हळदीकुंकवाचा जाड थर. माझं डोकं सणकलं. इथं नारळ कोण फोडतं, असं मी ओरडूनच विचारलं.

दाजी पाण्याकडे बघायला लागले. अक्का म्हणाली, "मीच. दर अमावस्येला. ह्यांनी पाण्यातनं धड माघारी यावं म्हणून."

तरी मी गप्प बसलो नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा मार बसला तर आत काय होतं, नारळ दगडावर का फोडायचा, सगळं तिला तावातावाने ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला काय ठावं? होडी दिलीस तवा पयला नारळ तूच तितं फोडला व्हतास."

खरं होतं. फोटोसाठी हसत, चांगला दणकून फोडला होता. त्या एकाच होडीवर नव्हे; शेडातून गेलेल्या प्रत्येक होडीवर. मला दाजींकडे बघवेना. तिथंच काठावर बसलो आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला घेतला.