एकतिसाव्या मैलाचा दगड

ढालगावला मी एक दगड बघायला गेले होते. तिथे आणखी काय बघण्यासारखं आहे ते मला सांगता येणार नाही. पण जाताना गाडी कुठली, उतरल्यावर काय, पाणी मिळतं का, हे सगळं खाली लिहिलं आहे. कुणाला जावंसं वाटलं तर उपयोगी पडेल.

माझे मिस्टर सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर सुट्टीला येता-जाता आगगाडीत बसून बसून त्यांना रेल्वेचं वेड लागलं होतं. कोरेगावला घरी आल्यावर त्यांनी रेल्वेच्या जुन्या खुणा शोधणाऱ्यांचा मोबाइलवरचा एक ग्रुप धरला. बंद पडलेली स्टेशनं, मोडके सिग्नल, झाडीत गेलेले पूल यांचे फोटो लोक टाकायचे आणि मग भांडायचे. यांची प्रत्येक पोस्ट एकाच वाक्याने संपायची, 'पुरावा असेल तर टाका.' मी सातवी शिकलेली. वाचायची सवय मला वाचनालयाने लावली, पण यांच्या वह्या मात्र मी ते गेल्यावर वाचल्या.

ग्रुपवर यांचं सगळ्यात मोठं भांडण मिरजेच्या मुजावर गार्डांशी. मिरजेहून पंढरपूरकडे पूर्वी अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी धावायची, तिच्यावर मुजावरांनी नोकरी केलेली. यांचं म्हणणं, ढालगावजवळ हे रूळ अगदी सुरुवातीला ओढ्याच्या पलीकडून जात होते आणि नंतर अलीकडे आणले. पुरावा म्हणजे रुळांपासून दूर, ओढ्याकडेच्या एका वस्तीवर यांना सापडलेला मैलाचा दगड, त्यावर ३१ कोरलेलं. मुजावर म्हणायचे, पलीकडे रूळ कधीच नव्हते. दोन वर्षं हे चाललं.

हे गेले त्याच्या तेराव्याला मुजावरांनी ग्रुपवर लिहिलं, 'हवालदारसाहेबांचंच बरोबर होतं.' खाली सगळ्यांनी हात जोडले. ओढ्यापलीकडून तांबडी रेघ ओढलेला यांचा नकाशा ग्रुपच्या माथ्यावर कायमचा लावला गेला.

मला बरं वाटायला हवं होतं. पण दोन वर्षं मागे न हटलेला माणूस यांचा फोटो बघून मागे हटला होता, नकाशा बघून नाही. यांना हे चाललं नसतं. गेल्या माघात वही चाळताना त्या दगडाचं पान निघालं. नकाशातली तांबडी रेघ वहीत तुटक होती आणि खाली लिहिलं होतं, 'घर बंद. परत जाणे. घरात विचारणे.' परत जायच्या आधीच आजारपण आलं. म्हणून मी निघाले. यांचं खरं होतं की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

साताऱ्याहून कोल्हापूरकडे जाणारी सकाळची गाडी कोरेगावला धरली. वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी बघून घ्या. खिडकी डावीकडची घ्या, नाहीतर कऱ्हाडपर्यंत ऊन तोंडावर, असं मी ऐकलं होतं. उलटं निघालं. ऊन डावीकडूनच आलं. टाकारी, भिलवडी करत ऊस संपता संपत नाही. सांगलीला भडंगवाला चढला. मोठं पाकीट घ्या, पुढे खायला काही मिळत नाही.

मिरजेला गाडी बदलायची. मुजावरांना मी फोन केला होता. ते काठी टेकत फलाटावर आले, हातात चहाचा थर्मास आणि गोड खाज्याचा पुडा.

"वहिनी, एकट्याच?"

"दगड बघून येते. मला सांगा, रूळ ओढ्यापलीकडून होते का?"

त्यांनी सावकाश चहा ओतला. "आता काय त्याचं. साहेब म्हणाले ते खरं."

"ते होते तेव्हा तुम्ही काय म्हणत होता?"

"तेव्हा म्हणत होतो की साहेबांनी नकाशा उलटा धरलाय." बोलले आणि गडबडले. "माफ करा वहिनी, तोंडातून गेलं."

"माफी कसली? हे गेल्यावर वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी यांच्याशी सरळ बोललं."

यावर ते हसले नाहीत. डोळे पुसून म्हणाले, "गुडघे असते तर आलो असतो."

ढालगावचं तिकीट चाळीस रुपयांच्या आत. कवठे महांकाळच्या आसपास उसाचं हिरवं संपलं आणि बेदाण्याच्या शेड लागल्या, जाळीआड द्राक्षं वाळत होती. शाळू काढून झाला होता. मोकळ्या रानात मेंढरं बसली होती. स्टेशनाबाहेर वडापची जीप असते, भरल्याशिवाय हलत नाही. माणशी वीस रुपये. पाण्याची बाटली घरूनच न्या.

जीप फाट्यावर सोडते, तिथून वस्ती वीस मिनिटं चालत. वहीतल्या खुणेप्रमाणे घर सापडलं. दारात तोच दगड आणि त्यावर बसून लसूण सोलणारी एक म्हातारी. हौसाबाई नाव. ऐंशीच्या आसपास असाव्यात.

"कुनाकडं आलीस बाई?"

"या दगडाकडं आलेय, मावशी. कोरेगावहून."

"कोरेगावात दगड न्हाईत व्हय?"

मी यांचा फोटो दाखवला. हे इथे आले होते, तुमचं घर बंद होतं, असं सांगितलं. त्यांनी फोटो लांब धरून बघितला आणि सुनेला हाक मारली. "आगं, त्यो मोजणीवाला." मग मला म्हणाल्या, "आमी समदी बागंत गेलतो. शेजारची सांगाय लागली, टोपीवाला मानूस पालथा पडून दगडाला टेप लावतोय म्हनून. आमास्नी वाटलं रस्ता काढत्यात घरातनं. चार दिस वस्ती झोपली न्हाई बघ. ह्यो तुजा मालक व्हय?"

"माझाच."

"हाय का आता?"

"नाहीत."

"माजंबी गेलं," त्या म्हणाल्या आणि सरकून दगडावर मला जागा केली.

बसल्यावर मी विचारलं, दगड पहिल्यापासून इथंच आहे का?

"हितं कुठला? सासऱ्यानं आनला. त्यो गँगमधी व्हता, छोट्या गाडीचं रूळ बघायचा. मैल गेलं आन किलोमीटर आलं, तवा जुनं दगड काढून टाकलं. ह्यो बैलगाडीत घालून आनला धुनं धुवाय. मी नांदाय आले तवा हितंच व्हता. माजी पोरं त्येच्यावरच बोट फिरवून आकडं शिकली. तीन आन एक सोडून दुसरं येत नव्हतं बरेच दिस."

"आणि ओढ्यापलीकडून कधी गाडी जायची का?"

"ओढ्यापल्याड? तिकडं आमची बाभळ हाय. गाडी कवा न्हाई गेली."

यांचं चुकलं होतं. ज्याच्यासाठी आले ते उत्तर दहा मिनिटांत मिळालं आणि मला उठवेना. सुनेने भाकरी, दह्यात कालवलेला ठेचा आणि मटकीचं कोरड्यास वाढलं. पैसे घेतले नाहीत. भडंगाचं पाकीट नातवंडांना दिलं.

जेवण झाल्यावर त्या काठी घेऊन उठल्या. "चल, कुठनं आनला त्ये दावते."

छोट्या गाडीचा जुना भराव अजून आहे. रूळ नाहीत, पण वर चाललं की पाय आपोआप सरळ रेषेत पडतात. नवी मोठी लाइन बाजूने जाते. दोन शेतं ओलांडल्यावर भरावाखाली पाणी जायला बांधलेली एक दगडी मोरी लागली. हौसाबाई थांबल्या. "सासरा म्हनायचा, मोरीपाशी लिंब व्हता, त्येच्या बुडात." कडुलिंब कुठे दिसेना. त्यांनी पुढे बघितलं. हाकेच्या अंतरावर दुसरी मोरी होती, तशीच. "का ती व्हती? लय दिस झालं बाई."

मी दोन्ही मोऱ्या यांच्या टेपने मोजल्या. टेपचं दुसरं टोक हौसाबाईंनी धरलं.

परतीच्या गाडीत यांचाच मोबाइल घेऊन बसले. ग्रुपवर अजून नाव 'हवालदार' असंच येतं. कवठे महांकाळपासून लिहायला घेतलं, मिरज आली तरी चार ओळी. शेवटी असं पाठवलं: 'मी हवालदारांची पत्नी. दगड घराच्या मालकांनी दुसरीकडून आणलेला आहे. ओढ्यापलीकडची रेघ चुकीची आहे, नकाशा काढून टाकावा. दगड मूळचा पहिल्या मोरीजवळचा असावा. पुरावा असेल तर टाका.' सोबत फोटो आणि मापं.

मिरजेला गाडी बदलली, सांगली गेली, तरी ग्रुपवर कुणी बोलेना. मला वाटलं, मेलेल्या नवऱ्याची चूक चारचौघांत सांगणारी बाई म्हणून सगळे गप्प झाले असतील. भिलवडीच्या पुढे ग्रुपवर मेसेज वाजला. मुजावर.

'वहिनी, रेघेचं मी दोन वर्षं सांगत होतो. आणि तुमचंही चुकलं आहे. पहिल्या मोरीला लिंब नव्हता, बोर होती. एकतिसावा मैल दुसऱ्या मोरीला.'

त्याखाली कऱ्हाडचा एकजण, त्याखाली लोणंदचा. कोरेगाव येईपर्यंत भांडण बोरीवरून लिंबावर आणि लिंबावरून इंजिन पाणी कुठे घ्यायचं यावर गेलं होतं. यांचं नाव त्यात चार वेळा आलं, एकदाही हात न जोडता. मी मुजावरांना एवढंच लिहिलं, 'झाडाचा फोटो आहे का?' त्यांचं उत्तर आलं, 'फोटो नाही. गुडघ्याला पट्टा बांधतो. केव्हा जायचं बोला.'

घरी आल्यावर वही काढली. तांबड्या रेघेला हात लावला नाही, ती यांची आहे. 'घर बंद. परत जाणे. घरात विचारणे.' याच्या खाली माझ्या अक्षरात लिहिलं, 'विचारलं.' आणि पुढच्या ओळीवर, 'मोरी कुठली? परत जाणे.'