मयताचा ठेका

पाटलाचा पाय माझ्या हलगीतून आरपार गेला.

पायात जोडा होता. नवा, करकरणारा, लेकीच्या लग्नासाठी घेतलेला. हलगी मी खाली टेकवली होती, त्यानं वरून पाय दिला. हलगीचं चामडं फाटतं तेव्हा मोठा आवाज होत नाही. जुनं लुगडं टरकावं तेवढाच. मग त्याचा पाय कड्यात अडकला. निघेना. तो एका पायावर उड्या मारायला लागला आणि वेशीत जमलेली माणसं हसली. त्याला कोण हसणार? मला हसली.

"काढ," तो म्हणाला. "अन् तोंड काळं कर इथून."

मी खाली बसलो. दोन्ही हातांनी त्याच्या पायातून कडं सोडवलं. जोड्याला लागलेली चामड्याची चिंधीही पुसून काढली.

हलगी फुटली याचं मला एवढं नाही. पाय सोडवून दिला, याचं आहे. कोणी सांगितलं असतं तर एक गोष्ट. चिंधी पुसायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी मांगवाड्यातला. आमचं गाव बीबी गावच्या बाजाराला पायी जाऊन येता येईल एवढ्यावर. त्या वेळी वऱ्हाड नागपूरच्या सरकाराला जोडलेलं होतं, वर गोरा साहेब होता म्हणतात. आम्ही पाहिला नाही. आमचं सरकार म्हणजे पाटील. शाळा मी खिडकीखाली बसून शिकलो, तीन बुकं. अक्षर वाकडं येतं. बोलणंही वाकडंच आहे. ज्याला सरळ पाहिजे त्यानं दुसऱ्याचं वाचावं.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो.

हलगीचे ठेके वेगवेगळे असतात. लग्नाचा उडता, दवंडीचा तुटक, मयताचा बसका आणि लांब. गावात पोरगं जन्मलं, बैल जिंकला, म्हातारं मेलं, की आमच्या घराला हाक. पाटलाच्या दाराबाहेर एक काळा धोंडा आहे. वाजवणाऱ्यानं त्या धोंड्याच्या पुढे जायचं नाही. त्याच्यावर बसायचं, त्याच्याशेजारी जाळ करून चामडं ताठ व्हायला हलगी शेकायची, आणि जेवणही त्याच धोंड्यावर वरून टाकतात. बाप तिथंच बसला. मी तिथंच बसलो.

माझी बायको गिरजा. चार दिवस तापानं फणफणली, पाचव्या दिवशी गेली. माझा जोडीदार चुलतभाऊ खामगावला कापसाच्या जिनात कामाला गेलेला. मांगवाड्यात वाजवणारा उरलो मी एकटा. आता बायकोला खांदा देऊ का हलगी वाजवू? खांदा दिला. आमची मयतं वेशीतून नेत नाहीत, मागच्या पांदीच्या वाटेनं नेतात. त्या पांदीनं गिरजा मुकी गेली. साऱ्या गावाच्या मढ्यांपुढे मी वाजवलं, तिच्यापुढे काडी वाजली नाही.

तिसऱ्या दिवशी पाटलाचा गडी किसन दारात आला.

"चाल बे. नवरदेव वेशीवर आला."

"किसनभाऊ, मले सुतक हाये."

"तुमाले कायचं बे सुतक?"

हे तो रागानं बोलला नाही. खरंच नवल वाटल्यासारखा बोलला. म्हणून जास्त लागलं. पण गेलो मी. हलगी शेकली, गळ्यात अडकवली, वेशीत उभा राहिलो. वऱ्हाड देऊळगाव राजाचं, बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली. मी लग्नाचा ठेका धरला. चांगला धरला होता. मग काय झालं मला कळलं नाही. डोकं रिकामं होतं आणि हात चालत होते. वऱ्हाडातला एक म्हातारा न्हावी पहिल्यांदा थांबला. त्यानं कानाला हात लावला.

"अरे, हे तं मयताचं वाजून राह्यलं!"

तेव्हा मी माझे हात ऐकले. बसका ठेका, लांब. नवरदेवाच्या तोंडावर.

पुढचं वर लिहिलंच आहे.

त्यानंतर हातांनी मला जगू दिलं नाही. हलगी नव्हती, तरी बोटं वाजवत. मांडीवर, भिंतीवर, पाण्याच्या घागरीवर. एकच ठेका, तोच. घरात बसलो की बोटं सुरू. म्हणून मी बसायचोच नाही. सकाळी निघायचो, बीबीपर्यंत चालायचो, काही घ्यायचं नसे, परत यायचो. शेतात निंदायला गेलो तर विळा सोडून ढेकळावर वाजवत बसायचो. बाया उठून पिकाच्या दुसऱ्या तासाला जायच्या. अपशकुनी झालो. समोरून आलो की माणसं थुंकून वळायची.

त्या हिवाळ्यात रमजान पिंजारी गावात आला. रोहिणखेडचा माणूस. गावोगाव फिरून गाद्यांचा, रजयांचा कापूस पिंजायचा. मारुतीच्या पारामागे पडकं खोपट होतं, तिथं त्यानं धुनकी टांगली. धुनकी म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची तात. लाकडी मोगरीनं तात छेडायची, ती कापसात शिरते आणि कापूस उडतो. ट्यांव, ट्यांव, ट्यांव.

मी चालता चालता तो आवाज ऐकून थांबलो. दाराशी उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही.

"आत ये नाहीतर पुढं हो भाई, उजेड अडवू नको," तो आतून म्हणाला.

मी आत गेलो नाही. सवय. उंबऱ्याबाहेर बसलो. त्यानं मोगरी थांबवली.

"तिथं काऊन बसला?"

"मी मांग हाये."

"मंग? मी पिंजारी हाये. कापूस इकडं हाये अन् तू तिकडं. ये, पाय लांब करून बस."

आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत पाय लांब करून बसलो. कापसाचा फुफाटा अंगावर बसून पांढरा झालो. धुनकी वाजत होती. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, माझी बोटं मांडीवर चालली होती, पण मयताचा ठेका नव्हता. ती धुनकीच्या मागं मागं जात होती.

मग रोज जायला लागलो. तो फारसं विचारायचा नाही. एकदा मीच हलगीचं सांगितलं, पायाचं सांगितलं, चिंधीचंही. त्यानं ऐकलं. तात पिळत म्हणाला, "माही बायको गेली तवा मी दोन महिने धुनकीले हात लावला नाही. मंग लोकं थंडीनं बोंबलाले लागले. त्याईले काय सांगता, दुख हाये म्हणून कुडकुडा?" आणि हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. मीही हसलो. हसल्यावर मला गिरजाची लाज वाटली.

वाद्य करायचं त्याच्याच डोक्यातून निघालं. "चमड्याचं तुले कळते, तातीचं मले. दोघं मिळून एक तुणतुणं होत नाही?" गिरजानं माहेरून आणलेलं दाणे मोजायचं लाकडी मापटं घरात होतं. त्याचा तळ मी काढला. काढताना हात थांबला होता. वापरून वापरून आतून गुळगुळीत झालेलं, तिच्या बोटांनी. मग काढलाच. तळाला बकरीचं कातडं मढवलं, रमजाननं तात ओवली, बाभळीच्या काठीला खुंटी बसवली. पहिल्यांदा ताणलं तर कातडं फाटलं. दुसऱ्यांदा तात तुटली. तिसऱ्यांदा वाजलं.

"चमडं तुहं, तात माही," रमजान म्हणाला, "अन् आवाज आला बकरीचा! कातडं काढलं तरी बकरी गेली नाही बे."

आवाज झाला. आता त्याच्यावर म्हणायचं काय? मला हलगी येत होती, गाणं नाही. गाणं गिरजाला यायचं. पहाटे जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, आणि मी गोधडी डोक्यावरून घ्यायचो. बावीस वर्षं ऐकलं नाही. एकही ओवी मला आठवेना. एक तरी यावी. नाही.

शेजारची सखूवहिनी गिरजाच्या जात्याची जोडीदारीण. तिच्याकडे गेलो. ती पदर खोचून उभीच राहिली.

"जित्तेपनी कान देल्ला नाही भाऊजी, आता काऊन मांगून राह्यले?"

"चुकलं वहिनी."

"मले अशी बसून येत नाही. जातं फिरलं तं ओवी येते. दळा माह्या संगं."

बाप्या माणसानं जात्याला हात लावायचा नसतो आमच्यात. लावला. गिरजाच्या जात्यावर सखूवहिनीच्या समोर बसलो, एका खुंट्याला दोघांचे हात. मांगवाडा बघायला आला. "गिरजा गेली अन् हाच गिरजा झाला," असं एक म्हातारी बोलली. मला काही वाटलं नाही. जातं जड असतं, हे मला पन्नाशीत कळलं. घाम आला, खांदे भरले, आणि वहिनी म्हणायला लागली. माहेरच्या, भावाच्या, पावसाच्या. मग तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघून गिरजानं रचलेल्या दोन म्हणाली,

*वेशीत वाजे हलगी, हात माह्या भरताराचा*
*नाचे गाव त्याच्यावरी, त्याले धोंडा दाराचा*

*धोंड्यावरची भाकर, सई कशी गोड लागं*
*हसून सांगे राजा माहा, कूस बदलून रात जागं*

माझा हात खुंट्यावरून सुटला.

मी घरी येऊन तिला सांगायचो, पाटलाकडे आज बुंदी होती, पाटील माझ्या हाताला वाहवा म्हणाले. धोंड्याचं कधी सांगितलं नाही. हसून सांगायचो. तिला सगळं माहीत होतं. माझी झोप लागत नाही हेही माहीत होतं. तिनं ते रोज पहाटे मोठ्यानं सांगितलं, साऱ्या मांगवाड्याला ऐकू गेलं, आणि मी एकट्यानं डोक्यावरून गोधडी घेतली.

तेव्हा मला वेशीतलं उमगलं. हात चुकले नव्हते. जे वाजणं तिचं होतं आणि तिला मिळालं नाही, ते हातांनी तिच्या तिसऱ्या दिवशी देऊन टाकलं. भर वेशीत. जिथून तिला नेऊ दिलं नसतं तिथं.

रमजानच्या खोपटात मी त्या दोन ओव्या तुणतुण्यावर बसवल्या. तो धुनकी छेडायचा, मी म्हणायचो. मांगवाड्यातली माणसं यायला लागली, मग माळ्याची दोघं, मग आणखी. पारामागं उभी राहून ऐकायची. मीही एकदोन ओव्या जोडल्या. बोटांना काम मिळालं. झोप आली असं म्हणणार नाही. पण चालत बीबीला जायचं थांबलं.

वर्षानं पाटलाची आई मेली.

किसनच आला. हातात नवी हलगी, कातडं ताणून तयार. "पाटलानं देल्ली. चाल. आता तुह्या मनासारखं हाये, मयताचंच वाजवाचं हाये."

म्हातारीवर माझा राग नव्हता. तिनं गिरजाला एकदा लुगडं दिलं होतं. धोंड्यावर टाकून दिलं, पण धड लुगडं दिलं. मी हलगी घेतली, काखेत तुणतुणं घेतलं आणि गेलो. रमजान मागून आला. दारात तिरडी बांधून झालेली. ओट्यावर गाव बसलेलं. धोंड्याशेजारी जाळही करून ठेवलेला, हलगी शेकायला.

"वाजव," पाटील म्हणाला.

"बसू कुठं?"

"तुही जागा तुले माहीत नाही?"

"माहीत हाये म्हणून इचारून राह्यलो, पाटील. ओट्यावर बोलवा. मानूस मानसाच्या दुखात बसते तसा बसतो. म्हातारीसाठी घसा बसेस्तोवर म्हणतो. धोंड्यावर नाही."

पाटलाच्या डोळ्यांत आईसाठी पाणी होतं, ते मी पाहिलं. त्याच डोळ्यांनी तो माझ्याकडे बघत होता.

"मांग हाये तू. बुवा झाला काय बे?"

"तं मंग नाही."

मी नवी हलगी त्या धोंड्यावर ठेवली. वरून टाकली नाही, नीट ठेवली. दोन्ही काड्या तिच्यावर आडव्या ठेवल्या. आणि पाठ फिरवली. आमच्याकडे पाटलाला पाठ दाखवत नाहीत.

म्हातारीचं मयत त्या दिवशी मुकं गेलं. मला आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. वाईट वाटलं. मुकं जाणं काय असतं ते मला माहीत होतं. तरी काड्या उचलल्या नाहीत.

सुगीला खळ्यावर माझ्या वाट्याची, बलुत्याच्या दाण्यांची पाटी रिकामी आली. कोणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं त्या पावसाळ्यात उपाशीपोटी वाटलं. हिवाळ्यात रमजान आला, माझ्या घरात डोकावला, "काय बे बुवा, जेवला?" म्हणाला. मी थंड चुलीकडे बोट केलं. "चाल मंग." तेव्हापासून दर हिवाळ्यात तो पिंजतो आणि मी म्हणतो, ज्या गावात ओट्यावर बसवतात त्या गावात. अशी गावं कमी आहेत. बोटांवर मोजली, बोटं उरली.

आता पाय चालत नाहीत. हात अजून चाळवतात. मला पोटचं कोणी नाही, म्हणून मांगवाड्याला सांगून ठेवलं आहे आणि इथं लिहूनही ठेवतो. मी मेलो की हलगी शेकू नका. त्या धोंड्यावर यापुढे कोणी बसू नका, लग्नाला नाही, मयताला नाही. मला पांदीनं नेऊ नका. वेशीतून न्या. धोंड्यापाशी खांदा थांबवा आणि तुणतुण्यावर गिरजाच्या ओव्या पुऱ्या म्हणा. मधे कोणी आडवं आलं, तर पहिल्या ओळीपासून म्हणा.