म्हशीवाचून अडलेला संसार

दुसऱ्यांच्या घरात प्रश्न विचारत हिंडलं की उत्तरं कागदावर राहतात आणि किस्से आपल्या घरी येतात. माझ्याकडे असे बरेच साठलेत.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, वर दुष्काळ. आमच्या सरांना नवरा-बायकोचं समाधान मोजायचं होतं. विद्यार्थिनी म्हणून मी आणि शैला प्रश्नावल्या घेऊन फिरायचो.

सरांनी पहिली चाचणी घरीच, आपल्या बायकोवर घेतली. बाईंनी प्रत्येक प्रश्नापुढे ‘पूर्ण समाधानी’वर खूण केली. सर खूश. बाई म्हणाल्या, "तुम्ही समोर बसून राहिलात, दुसरं काय करणार? जरा बाहेर जा, मग खरं भरते."

नव्या कचेरीत उस्मानाबादहून बदलून आलेले एक क्लार्क भेटले. बायको-पोरं तिकडंच. म्हणाले, "जिल्हा झाल्यापासून समाधान लई वाढलंय. ती तिकडं, मी इकडं."

"आणि त्यांचं काय म्हणणं?"

"हेच. आमचं तेवढंच एकमत हाय."

एका वस्तीवर टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला शैलानं विचारलं, "नवऱ्याशी भांडण होतं का? रोज, कधी कधी, की कधीच नाही?"

बाई रस्त्याकडं बघत म्हणाली, "टँकर येतो त्या दिवशी न्हाई. दोघांचे बी हात गुतलेले असतात."

"मग काय लिहू?"

"टँकर कवा येतो, ते ड्रायव्हरला इचारा अन् लिवा."

औशाजवळच्या खेड्यात एक म्हातारं जोडपं होतं. शेजारीण आधीच म्हणाली, "त्यांच्यात बोलणं न्हाई. कधीतरी भांडले, तवापासून म्हशीला सांगतात. म्हशे, सांग त्यास्नी, भाकर झाली. म्हशे, सांग तिला, आलो."

आम्ही गेलो तर गोठा रिकामा. चारा नव्हता, म्हैस गुरांच्या छावणीत पाठवलेली. आजोबा ओसरीवर, आजी चुलीपाशी, घर अगदी गप्प.

मी पहिला प्रश्न वाचायला तोंड उघडलं, तोच आजी मला म्हणाल्या, "बाई, इचार त्यास्नी, चहा घेतेत का?"

मी आजोबांकडं वळले. ते शैलाला म्हणाले, "सांग तिला, घेतो. अन् गुडघा कसा हाय म्हणावं?"

"सांग, बरा हाय. रात्री झोप का लागंना त्यास्नी?"

मग दोघं थांबेचनात. लेकीचं सासर, जावयाची नोकरी, विहिरीचा गाळ, सगळं आमच्या तोंडून इकडचं तिकडं गेलं. प्रश्नावली पिशवीतच राहिली. उन्हं उतरली, शेवटची एस. टी. चुकेल म्हणून आम्ही उठलो.

आजी दारापर्यंत आल्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "ऱ्हावा की गं दोघी. छावणी उठायला अजून लई दिस हायेत."