डिकीतला दिवा

लीलाधर ऑटो इलेक्ट्रिशियन, आणि त्याच्याच शेजारी माझं सीट कव्हरचं दुकान. शिरपुरात कुणाची गाडी अडली की लोक त्याच्याकडे येतात. हात चांगला आहे, पण जीभ हाताच्या आधी धावते. लग्नसराईत तर विचारूच नका.

गेल्या लग्नसराईत प्रेमराज नानांनी आपली लाल स्पोर्ट्स कार आणली. जुनी, दोन सिटांची, टप मागे दुमडणारी. त्यांच्या भाऊबंदांतला प्रत्येक नवरदेव तिच्यातूनच मिरवतो. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. लीलाधरने चार्जिंग पाहिलं, ते ठीक निघालं. पुढे शोधायला महाशयांना वेळ कुठे होता? गाडी चालवणारे भाईदासभाऊ समोर उभे असताना बोलून मोकळा झाला, "नाना, गाडीमां काहीच नही शे. डायवर दिवा चालू ठेवीसन जास."

नानांनी भाईदासभाऊंना गाडीवरून काढून शेतावर राखणीला पाठवलं.

यंदा नाना पुन्हा आले; ड्रायव्हर नवा, तक्रार तीच. आता मात्र लीलाधरने बॅटरीला मीटर लावलं आणि एकेक फ्यूज काढून पाहिला. बंद गाडीतही वीज जात होती. डिकीचा फ्यूज काढला तशी थांबली.

डिकीच्या तोंडाशी दिव्याचं बटण असतं. झाकण लागलं की ते दाबलं जातं आणि दिवा विझतो. त्या बटणाच्या खाचेत हळदीने पिवळे झालेले तांदूळ घट्ट बसले होते. उघड्या गाडीत नवरदेवावर अक्षता पडतात, मग गळ्यातले हार काढून डिकीत टाकतात, त्यांच्याबरोबर अक्षताही जातात. बटण पुरतं दाबलंच जात नव्हतं. बंद डिकीत दिवा रात्रंदिवस जळत होता.

लीलाधरचा चेहरा पडला. तांदूळ काढायचे आणि वायर ढिली होती म्हणायचं, कुणाला कळलं असतं? खरं सांगतो, मलाही तेच बरं वाटत होतं. पण चूक स्वतःवर घेत तो म्हणाला, "नाना, चूक मनी शे. भाईदासभाऊनी नही."

"व्हयनं ते व्हयनं," नाना म्हणाले. "जाय, तूच त्याले किल्ली देईसन ये."

लीलाधरला एकट्याने जायची हिंमत नव्हती, म्हणून त्याने मला सोबत नेलं. भाईदासभाऊंच्या ओट्यावर त्याने बटण, तांदूळ, सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. मला त्याची दया आली आणि रागही आला.

भाईदासभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तू सांगं म्हणीसन मी मानी लिधं, भाऊ," ते म्हणाले. "माले वाटनं, मीच इसराले लागनू."

आतून त्यांच्या पत्नी सुंदरबाई म्हणाल्या की हल्ली हे कुलूप लावून निघाले तरी विसरलो की काय म्हणून अर्ध्या वाटेतून परत येतात, कुलूप ओढून बघतात.

लीलाधरने किल्ली पुढे धरली. भाईदासभाऊंनी दोन्ही हात मागे घेतले.

"दुसराले दे," ते म्हणाले. "मी इसरी जास."