पेन्सिलीतला शब्द
परवा पत्रकं वाटत महाडजवळच्या सव गावी गेले, गरम कुंडापाशी गंधकाचा वास नाकात शिरला आणि शाळेतली मैत्रीण आठवली. महाडच्या त्या वर्गात वरंधकडच्या आम्ही दोघीच. 'पानी' म्हटलं म्हणून बाईंनी आम्हाला सगळ्यांपुढे उभं करून दहादा 'पाणी' म्हणायला लावलं; वर्ग खिदळला. हा निव्वळ अपमान होता, आणि त्याचा राग मला अजून आहे. त्या रविवारी याच कुंडाच्या पायरीवर बसून आम्ही स्वतःची भाषा काढली. तिच्यात 'ण' ठेवलाच नाही. 'लो' म्हणजे पाणी. आपल्या वस्तूच्या नावाला शेवटी 'मू' लावायचा, म्हणून 'लोमू' म्हणजे आपलं पाणी, हे कुंड. एकीनं घडवलेला शब्द वहीत पेन्सिलीनं लिहायचा, दुसरीनं तो मोठ्यानं म्हटला की शाईनं गिरवायचा. मग ती मुंबईला गेली. शिमग्याला आली तेव्हा मी नवा शब्द घेऊन एसटी स्टँडवर उभी होते. 'सिर' म्हणजे सोबत, 'सिरमू' म्हणजे आपली सोबत. ती उतरताच मी तो म्हटला. "काय गो, अजून तेच चाललंय तुझं? नीट मराठीत बोल ना यार!" तिच्या चुलत बहिणी हसल्या, अगदी त्या वर्गासारख्या. "काय नाय," म्हटलं आणि तिची बॅग उचलली. आज मी गावोगाव पत्रकं वाटून बजावते, पोरांच्या बोलीला हसू नका. लोक टाळ्या वाजवतात. वही माझ्याकडेच आहे. शेवटच्या पानावर 'सिरमू' अजून पेन्सिलीतच आहे.