भवानीच्या वेळेचा पाहुणा

मालवणात जन्मलेला, मालवणात लग्न केलेला आणि मालवणातच पेन्शन खाणारा मी, गेल्या वर्षी मालवणच्याच मासळी बाजारात पर्यटक म्हणून जाहीर झालो. निकाल एकमताने लागला. (माझं मत कोणी विचारलं नाही.)

याचं मूळ दत्तारामभाऊ. आमचा सुहास आणि वैभववाडीची प्रियांका कुडाळात एकाच ऑफिसात कामाला. दोघांनी आपसात सगळं ठरवून टाकलेलं, फक्त तिच्या वडिलांचा होकार बाकी होता. ते वडील म्हणजे दत्तारामभाऊ. काखेत छत्री, खिशात सुपारी आणि तोंडात मोजून चार शब्द असा माणूस! पहिल्या भेटीत त्यांनी आमचं घर, विहीर, माड सगळं नीट पाहिलं आणि निघताना म्हणाले, "घर बरा आसा. आता माणसा बघूची आसत. फुडल्या आयतवारी येतंय, जेवकच."

त्या दिवसापासून सुहास नखं खायला लागला. "आबा, तुम्ही काही करू नका," असं त्याने मला हात जोडून सांगितलं. काही करू नका म्हटलं की माझ्या अंगात येतं, हे एवढ्या वर्षांत त्याला कळायला हवं होतं.

बेत अर्थातच माशांचा. बायको म्हणजे मंगल म्हणाली, "फोनवर मागवूया. सकाळी माशांचे फोटो येतत, आपण हवो तो सांगायचो. मासो साफ होऊन दारात!"

"फोटो बघून मासो?" मी खवळलोच. "मालवणच्या माणसान मासो डोळ्यांनी बघून घेवचो! मी दत्तारामभाऊंक बाजारात घेऊन जातंय. त्यांच्यासमोर निवडतंय."

"तुमी?"

"मी!"

"अहो, बांगडो खंयचो आणि पेडवो खंयचो, ता तरी तुमका कळता?"

मी त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. तो फार खरा प्रश्न होता.

माझं माशांचं शिक्षण सांगतो. लहानपणी आमचा बाजार रस्त्यावरच भरायचा. दोन्ही बाजूंना पाटावर बसलेल्या बायका, डोक्यावर फाटक्या छत्र्या, पायाखाली चिखल आणि गावभरची मांजरं. आई मला सारजामावशीकडे पाठवायची. मी नुसता समोर उभा राहायचो. ती माडाची पात माशांच्या कल्ल्यांतून ओवायची, गाठ मारून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "जा घराक, मेल्या! आणि वाटेत मांजराक घालू नको!" संपलं शिक्षण! पुढे ते मासे लोंबकळवत घरी न्यायचे आणि वाटेत प्रत्येक पडवीतून चौकशी व्हायची. कोणाकडे आज काय शिजतंय हे अख्ख्या गावाला माहीत असायचं. आता काळ्या पिशव्या आल्या आणि शेजाऱ्याचं कालवण हे गुपित झालं.

नंतर माझी नोकरी खारेपाटणपासून दोडामार्गापर्यंत बदल्यांत गेली. निवृत्त होऊन घरी आलो तर मासे दारात यायला लागलेले. थोडक्यात, बाजाराचं तोंड मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं आणि बाजाराने माझं.

रविवार उजाडला. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. बाहेर पडताना काळा चष्मा काढायचा नाही, ही डॉक्टरांची ताकीद. त्यात सुहासने "आबा, निदान जरा मॉडर्न तरी दिसा" म्हणून टी-शर्ट दिला. छातीवर होडी, आणि खाली ठळक अक्षरांत 'मालवण'! आता मला सांगा, मालवणात 'मालवण' लिहिलेला शर्ट कोण घालतो? हा विचार मला तेव्हा सुचला नाही. उन्हासाठी डोक्यावर टोपीही चढवली आणि होऊ घातलेल्या व्याह्यांना घेऊन भल्या सकाळी निघालो.

वाटेत मी त्यांना बाजाराबद्दल इतकं सांगितलं की त्यांची मोजून चार शब्दांची संधीही गेली. "बघा तुम्ही," मी म्हटलं, "आत शिरल्या शिरल्या बायका मला हाका मारतील. शिव्या घालतील! आमच्याकडे ओळखीच्या माणसाला शिवीच घालतात."

आत शिरलो आणि उभाच राहिलो. चिखल नाही, छत्र्या नाहीत, मांजरसुद्धा एकच आणि तेही झोपलेलं. चकचकीत लाद्या, सिमेंटचे ओटे, नळ. प्रत्येक ओट्यावर फोनने पैसे घ्यायची पाटी, आणि पैसे आले की मोठ्याने ओरडणारा डबा. एक कुटुंब सुरमयीला मधे घेऊन फोटो काढत होतं. मला एकीनेही शिवी घातली नाही. उलट पहिल्याच ओट्यावरची फिलोमिना गोड हसून म्हणाली, "आओ सर, आओ! एकदम फ्रेश! व्हिडिओ निकालो, फ्री है!"

दत्तारामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"गो बाय," मी आवाज चढवला, "माका हिंदी कित्याक ऐकवतंस? मी हयलोच!"

फिलोमिनाचा चेहरा उजळला. ती शेजारच्या ओट्यावरच्या बाईला म्हणाली, "गो सुलू, आयकलंस? टुरिस्ट बघ काय मालवणी बोलता! रीलार शिकलो आसतलो!"

"आजकाल सगळेच शिकतत," सुलू म्हणाली. "काल एक नागपूरचो माका 'गो बाय' म्हणालो."

"अगो, मी हयल्याच वायरी गावचो!" मी ओरडलो.

"होय होय," फिलोमिना समजूत काढत म्हणाली. "थंय होमस्टे बरे आसत."

दत्तारामभाऊ छत्रीच्या मुठीकडे बघत होते. त्यांच्या मिशा थरथरल्यासारख्या वाटल्या. मनात आलं, हा माणूस पोरगी द्यायला आलाय, आणि याच्यासमोर मला माझंच गाव ओळखायला तयार नाही! आता एकच उपाय उरला होता, मासे पारखून दाखवायचे. कल्ला लाल तर मासा ताजा, एवढी ऐकीव विद्या माझ्याजवळ होती. मी बाह्या सरसावल्या. (टी-शर्टला बाह्या जेमतेम होत्या, पण सरसावल्या.) एक सरंगा उचलला, कल्ला उघडला. तपकिरी! दुसरा उचलला. तपकिरी! सुरमयीचा उघडला, तोही तपकिरी! अख्खा बाजार आपल्याला फसवायला बसलाय हे मला स्वच्छ दिसलं.

"शिळो!" मी सरंगा ओट्यावर आपटला. "ह्यो पण शिळो! चला, दत्तारामभाऊ, हयसर सगळा कालचा आसा!" आणि पाठ फिरवून चालायला लागलो.

मासे कापणाऱ्या सुऱ्या थांबल्या. नळसुद्धा कोणीतरी बंद केला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीच्या वेळी पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये, गेलं तर दिवस बुडाला. घ्यायचं नसेल तर त्या वेळी भावसुद्धा विचारायचा नाही, हे आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी शिकवतात. आणि फिलोमिनाचा डबा सकाळपासून एकदाही ओरडला नव्हता.

"मेल्या!" ती ओट्यावर उभी राहिली. "माझी भवानी मोडतंस? आज फाटफटी, उजाडूच्या आधी माझ्या घोवान जाळ्यातसून काढलेलो मासो ह्यो, आणि तू शिळो म्हणतंस? तुझे डोळे शिळे! तुझो तो होमस्टे शिळो!"

"फुकटचो फोटो काढूक येतत आणि वर नावा ठेवतत!" सुलूने साथ धरली. मग तिसरी उठली, चौथी उठली. खरं सांगू? मला बरं वाटलं! सकाळपासून सर-सर ऐकून कान विटले होते. आता कुठे आपल्या बाजारात आल्यासारखं वाटायला लागलं. मी दत्तारामभाऊंकडे अभिमानाने पाहिलं. बघा, घालतायत की नाही शिव्या!

पण ते माझ्या शेजारी नव्हते. ते ओट्याशी उभे होते.

"बाय, रागावू नको," ते शांतपणे म्हणाले. "पुण्याचो पावणो आसा माझो. पयल्यांदाच इलोहा. डोळ्याचा आपरेशन झालाहा त्येचा. भवानी मी करतंय. ती सुरमय दी, आणि ते दोन सरंगे."

त्यांनी फोन काढून पाटीसमोर धरला. (माझा फोन बटणांचा.) डबा ओरडला. फिलोमिनाने डब्याला हात लावून तो कपाळाला लावला, मग छातीवर क्रुसाची खूण केली आणि मूठभर कोलंबी वर टाकली.

"ही तुमच्याकडे बघून हां, काका," ती म्हणाली. "पावण्याक सांबाळा. त्येका कायेक कळणा नाय."

"ता माका कळला," दत्तारामभाऊ म्हणाले.

पिशवी घेऊन मी त्यांच्या मागून बाहेर आलो. फाटकाशी ते थांबले. "आबानू, वायच चष्मो वर करा." मी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि पिशवीत पाहिलं. सरंग्याचा कल्ला लालभडक! मी चष्मा पुन्हा खाली घेतला. डॉक्टरांची ताकीद होती, आणि तोंड लपवायलाही तो बरा होता.

घरी मंगलने सुरमय पाहिली, कल्ला पाहिला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "कोणी घेतल्यानी?"

"आबानी बाजार गाजयलो," दत्तारामभाऊ म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

जेवण झालं. दत्तारामभाऊ सुपारी कातरत बसलेले. सुहासची नखं संपली होती, आता तो बोटांवर आला होता.  माझ्या एका चष्म्यापायी पोराचं लग्न मोडणार, या विचाराने मला खरोखरच रडू यायला लागलं.

"दत्तारामभाऊ," मी म्हटलं, "जे झालं ते माझ्यामुळे. राग पोरावर काढू नका."

"राग?" ते म्हणाले. "माणसा बघूक इललंय. बघलंय. आता माका काळजी नाय. ज्या घरातलो कर्तो पुरुष असो आसा, थंय माझ्या चेडवाचा, प्रियांकाचाच चलतला!"

मंगल इतकी हसली की तिला ठसका लागला. सुहासने वाकून त्यांना नमस्कार केला. मीही हसलो, नाहीतर करणार काय?

मे महिन्यात लग्न झालं. तोवर माझा दुसरा डोळाही झाला होता, म्हणजे पुन्हा काळा चष्मा! त्यावर फेटा, कोट आणि हातात गुलाबपाण्याची दाणी अशा थाटात मी वरपिता म्हणून मांडवाच्या दारात उभा होतो. एवढ्यात फिलोमिना आली. दत्तारामभाऊ आता मालवणात आले की मासे तिच्याकडूनच नेतात, त्यांनीच आग्रहाने बोलावलेली. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अरे वा, पुनावाले सर! शादी देखने को आया?" तिने माझा हात धरून मला बाजूला घेतलं, आणि आवाज खाली आणून आपुलकीने सांगितलं, "शरमाओ मत. खाना उधर है."

मी मुकाट्याने उधर गेलो.